दोर कोण धरणार?



वेल्ह्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. (तालुक्याला राजगड हे नाव द्यायचा निर्णय २०२४ साली झाला, पण ताईंनी पत्ता वेल्ह्याचाच घातला आहे आणि माझ्याही तोंडी अजून तेच बसलंय.) त्यांची मुलगी आठवीत आहे. शाळेच्या सभागृहात माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून वीस फुटी चढाईची भिंत बसवायचं घाटतं आहे. भिंतीवर हातापायांना धरायला रंगीत खोबणी नि खुंट्या, वरून सोडलेला दोर, कमरेला पट्टा आणि मुलं चढणार वर! शाळेने पालकांकडून संमतीपत्र मागवलं आहे. ते आठ दिवस फ्रिजवर चुंबकाखाली अडकवून ठेवलंय. मुलीचे वडील म्हणतात, "डोंगर दाराशी असताना भिंत कशाला?" आजी म्हणतात, "पोरीच्या जातीला हातपाय मोडून घ्यायचं खूळ कशाला?" आणि मुलगी रोज रात्री विचारते, "आई, सही केलीस?"

ताई विचारतात, करू का सही?

तुमच्यापैकी बऱ्याच जणींपुढे हा कागद आज ना उद्या येणार आहे. शाळांतून, सोसायट्यांच्या क्लबांतून, पानशेत-भाटघरच्या बाजूच्या सहलीच्या ठिकाणी या भिंती आता दिसू लागल्या आहेत. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी वडिलांचा प्रश्न. तो काही वेडगळ नाही. तोरणा नि राजगड ज्यांच्या अंगणातून दिसतात, त्यांना प्लायवूडच्या भिंतीचं काय कौतुक! रायरेश्वराच्या पठारावर राहणारी जंगम मंडळी तर बाजारहाटासाठीसुद्धा लोखंडी शिड्या चढत-उतरत आली आहेत. पण चालत गड चढणं वेगळं आणि हातापायांच्या बोटांवर शरीर तोलत सरळ कड्याला भिडणं वेगळं. दुसरं शिकायचं तर कातळ कोरडा हवा, आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत तो शेवाळलेला असतो. पुढे उन्हाळ्यात दगड तापतो. मोहरीकडून लिंगाण्याला जाणाऱ्या मुलांना विचारा, हंगाम किती थोडा असतो ते! शिवाय कड्यावर कुठला दगड हातात निघून येईल, याचा नेम नाही. छपराखालच्या भिंतीवर प्रत्येक खुंटी माणसाने बसवलेली असते, ती तपासता येते, सैल झाली तर आवळता येते. चुकायला जागा असलेली ती शाळा आहे असं म्हणा.

बाहेरच्या जगात हे सुरू झालं तेही एका शिक्षकाच्या हातूनच. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या डॉन रॉबिन्सन यांनी १९६४ साली तिथल्या एका बोळातल्या विटांच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवले आणि पोरांना चढायला लावलं. त्या बोळातल्या भिंतीची पणती आज ऑलिंपिकमध्ये आहे. तोक्योला २०२१ साली हा खेळ पहिल्यांदा आला, आणि २०२४ साली पॅरिसला पोलंडच्या आलेक्सांद्रा मिरोस्लाव्हने १५ मीटरची, म्हणजे जवळपास पाचमजली, भिंत अंतिम फेरीत ६.१० सेकंदांत सर केली. आपल्याला चहात साखर ढवळायला याहून जास्त वेळ लागतो!

आजींना मात्र मी ऑलिंपिक सांगणार नाही. त्यांना हिरकणी सांगेन. तान्ह्या बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरलेली ती बाई, आणि तिच्याजवळ दोर नव्हता. दोरीचा मल्लखांब करणाऱ्या मुली तर आपल्याकडे घरोघर ठाऊक आहेत. आणि खिंड ओलांडून पलीकडे गेलं की साताऱ्याच्या प्रियंका मोहिते आहेत. २०१३ साली एव्हरेस्ट, २०२१ साली अन्नपूर्णा, २०२२ साली कांचनजुंगा! पोरीच्या जातीचं खूळ म्हणायचं तर फार उंच गेलेलं खूळ आहे ते. तरीही आजींची भीती मी झटकून टाकणार नाही. हातपाय मोडू शकतात, हे खरंच आहे. फक्त ते कुठे मोडतात, हे आपण नीट पाहत नाही.

मीही पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका सहलीच्या ठिकाणी आम्ही भाचीला घेऊन गेलो होतो. दहा वर्षांची पोर. भिंत बघितली आणि लागली हट्ट धरायला. तिथल्या मुलाने पट्टा बांधला, दोर अडकवला आणि ती खारीसारखी वर गेली. मी हातात भेळेचा कागद घेऊन मान वर करून बघत होते. वर पोचली तशी टाळ्या वाजवल्या. तिने वरून "सोडा!" म्हणून ओरडून हात सोडले आणि ती झोकांडी खात दोन हात खाली घसरली, मग दोर ताणला गेला. कोपर सोललं, बाकी काही नाही. खाली पाहिलं तर दोर धरणाऱ्या मुलाच्या एका हातात मोबाईल होता. मी त्या मुलावर खूप चिडले. पण रात्री झोप येईना, ती वेगळ्याच कारणाने. इतका वेळ मी तिथे उभी होते, आणि त्या मुलाकडे एकदासुद्धा पाहिलं नव्हतं. सगळं लक्ष वर! मुलीचा जीव खाली होता, त्याच्या मुठीत.

म्हणून ताई, भिंत किती उंच, खुंट्या कुठल्या रंगाच्या, हे नंतर विचारा. पहिला प्रश्न हा, की दोर कोण धरणार?

विहिरीवरचा रहाट आठवा. दोर वरच्या चाकावरून जातो, एका टोकाला घागर, दुसरं टोक आपल्या हातात. भिंतीचंही तसंच. दोर वरच्या कड्यांतून जाऊन खाली येतो, एका टोकाला मुलगी, दुसऱ्या टोकाला तिची जोडीदारीण. गिर्यारोहक याला 'बिले देणं' म्हणतात. मुलगी चढेल तसा खालच्या बाईने सैल झालेला दोर ओढून घ्यायचा. तो तिच्या पट्ट्याला अडकवलेल्या एका छोट्या धातूच्या साधनातून जातो. तिथे त्याला वळसा पडतो, त्यामुळे घर्षण वाढतं आणि नुसत्या मुठीने माणसाचं वजन पेलता येतं. पण त्यासाठी एक हात साधनाच्या खालच्या दोरावर सतत हवा. सतत म्हणजे सतत. नाक खाजलं, पदर सरकला, कुणी हाक मारली, तरी तो हात सुटायचा नाही. काही साधनं झटका बसला की आपोआप आवळतात, पण त्यांच्या भरवशावरही हात सोडायचा नसतो.

हे मी नंतर पुण्यात दोन सकाळी जाऊन शिकले. पहिल्या दिवशी हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, अरे, हे तर आपलंच काम! दूध उतू जाऊ न देता चार कामं उरकणाऱ्या बाईला एका गोष्टीवर नजर ठेवायला शिकवावं लागत नाही. शिवाय वजनाचाही फायदा आहे. धरणारी हलकी आणि चढणारी जड असेल, तर घसरगुंडी झाल्यावर धरणारीच वर उचलली जाते. साठ किलोची आई आणि पस्तीस किलोची मुलगी ही जोडी अगदी बेतशीर. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या वजनाचा उपयोग झाला!

मुलांनी एकमेकांना बिले द्यायचं ते मोठं झाल्यावर आणि शिक्षक शेजारी दोराचं शेपूट धरून उभे असताना. चाळीस मुलांना एक शिक्षक आणि दोर धरायला वर्गातला दांडगा मुलगा, असा बेत असेल तर सही करू नका. शाळेला सांगा, आम्ही चारजणी येतो, आम्हांला शिकवा. शनिवारी सकाळी चार आया उभ्या राहिल्या, तर शाळेचं मोठंच काम हलकं होईल. मुलांना दोर म्हटला की सिंहगड आठवतो, आणि सूर्याजीने कापलेले दोर. ते युद्धापुरतं ठीक आहे. शाळेत दोर सांभाळणारी माणसं हवीत.

चढण्याआधी दोघींनी एकमेकींना तपासायचं, स्वतःला नव्हे. पट्ट्याची सगळी बक्कलं लागलीत का, पट्टा हाडाच्या वर, नेमका कमरेत आहे का, दोराची गाठ आठाच्या आकाराची आणि जोडीने फिरवलेली आहे का, कडीचं फाटक पिळून बंद आहे का, दोर साधनातून बरोबर बाजूने गेलाय का. लहान मुलांचे नितंब भरलेले नसतात. उलटं झालं तर कमरेचा पट्टा निसटू शकतो, म्हणून त्यांना छातीपर्यंतचा पूर्ण पट्टा हवा. आणि दोर ताठ हवा, पहिल्या सात-आठ फुटांत तर फारच. चढाईचा दोर मुद्दाम ताणला जाणारा करतात, म्हणजे झटका अंगाला लागत नाही. ८० किलो वजनाखाली तो दर दहा मीटरला मीटरभरापर्यंत लांबू शकतो. तळाशी मूल घसरलं तर ताणातच जमिनीला टेकेल, म्हणून खाली जाड गाद्या हव्यातच.

आता दुसरा प्रश्न, दोर वर कशाला बांधलाय?

रहाटावर घागर लोंबकळते तेव्हा वरच्या आडव्या लाकडावर भार नुसत्या घागरीचा नसतो. घागर एका बाजूने ओढते, आपण दुसऱ्या बाजूने. भिंतीवरही चाळीस किलोची मुलगी लटकली की वरच्या कड्यावर सत्तर-ऐंशी किलोंची ओढ बसते, आणि झटका बसला तर त्याहून पुष्कळ जास्त. गावातल्या वेल्डरने कितीही मायेने काम केलं, तरी हा हिशेब त्याच्यावर सोडायचा नाही. आपल्या जुन्या शाळांच्या भिंती विटांच्या किंवा दगडमातीच्या, वर मंगलोरी कौलं. अशा भिंतीत एक खिळा ठोकून किंवा वाशाला कडी अडकवून दोर सोडला, तर ती चढाईची भिंत नव्हे, सापळा झाला. सांगाडा सिमेंट-लोखंडाच्या खांब-तुळयांना किंवा स्वतःच्या पायावर उभा हवा. इमारतीचा इंजिनियर हवा आणि त्याची सही असलेला कागद हवा. अशा भिंतींसाठी युरोपात ईएन १२५७२ नावाचं मानक आहे. भिंत बसवणाऱ्या कंपनीला एवढंच विचारा, "तुमचं काम त्याप्रमाणे आहे का?" उत्तराआधी त्यांचा चेहरा बघा.

वर एकच कडी चालत नाही, दोन हव्यात, वेगवेगळ्या ठिकाणी बसवलेल्या. एक निखळली तरी दुसरी धरेल अशा. आणि दोर धातूच्या कडीतूनच गेला पाहिजे. नायलॉनच्या पट्ट्यावर नायलॉनचा दोर घासला, तर घर्षणाच्या उष्णतेने पट्टा वितळून तुटू शकतो. आपल्या पावसात साधं लोखंड गंजतं हे तुम्हांला मी काय सांगू! सभागृह बंदिस्त असलं तरी श्रावणात तिथल्या भिंतींना ओल येते. दरवर्षी शाळा उघडताना आणि दिवाळीनंतर एकदा सगळे बोल्ट तपासून वहीत नोंद करायला सांगा. वही पाहायला मागा. पालक वही मागतात हे कळलं की वही लिहिली जाते.

दोराची निगा हा मात्र आपला प्रांत. चढाईचा दोर म्हणजे वाळवणाची किंवा गोठ्यातली पिवळी-निळी दोरी नव्हे. आत धाग्यांचा गाभा आणि वर विणलेलं कवच असं ते काम असतं. शाळेने घेतलेल्या दोराच्या टोकावर ईएन ८९२ किंवा यूआयएएची खूण आहे का, हे बघून घ्या. महिन्यातून एकदा दोन बायकांनी बसून तो हातातून सरकवत न्यावा, जसा आपण निवडताना गहू हातातून सोडतो. कुठे गाठीसारखं लागलं, कुठे आतून पोकळ, मऊ लागलं, कवच उसवून गाभा दिसला, की तो दोर बाद. फेकून देतानाही तुकडे करून द्या, नाहीतर कुणीतरी काटकसरीने तोच परत वापरील. मळला तर गार पाण्यात, साध्या सौम्य साबणाने. सोडा नको, ब्लीच नको. सावलीत पसरून वाळवा. आणि तो ठेवायचा कुठे? शाळांत तो हमखास त्या अडगळीच्या खोलीत जातो, जिथे इन्व्हर्टरची बॅटरी, संडास धुवायचं ॲसिड आणि उंदीर, तिघेही नांदतात. बॅटरीच्या आम्लाने नायलॉन आतून कुजतो आणि वरून काही कळत नाही. त्यासाठी वेगळी कापडी पिशवी शिवा, उंच खुंटीला टांगा, कुलपात ठेवा. कुलपाचं कारण आणखी एक आहे. मोकळा लोंबणारा दोर आणि रिकामा तास, ही जोडी बरी नव्हे. न वापरता ठेवलेला दोरही जुना होतोच. बनवल्यापासून दहा वर्षं ही बहुतेक कारखानदारांनी घातलेली शेवटची मर्यादा आहे, आणि रोजच्या वापरातला तर त्याच्या कितीतरी आधी काढावा लागतो.

मुलींबद्दल थोडं. ओढणी घरी, बांगड्या नि अंगठी डब्यात, गळ्यातली साखळीही. अंगठी खोबणीत अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते, हे वाचायलाही नको वाटतं पण घडतं. केस घट्ट बांधून आत खोचलेले हवेत, विशेषतः दोर धरणारीचे, कारण ते साधनात ओढले जातात. नखं कापलेली. तेल लावून वेणी घातली असेल तर हात साबणाने धुऊन जायचं. हाताला घाम येतो म्हणून चढणारे जी पांढरी पूड लावतात ती मॅग्नेशियम कार्बोनेटची, फळ्यावरच्या खडूची नव्हे. आणि पाळीच्या दिवसांत? तिला बरं वाटत असेल तर खुशाल चढू दे. पट्टा टोचत असेल तर त्या दिवशी तिने दोर धरावा. हे तिने ठरवायचं, सरांनी नव्हे, आणि खरं सांगायचं तर आपणही नव्हे.

काही जणी विचारतील, घरात करता येईल का असं काही? येईल, पण दोराशिवाय. जुन्या वाड्यांत माळ्याच्या तुळईला दोर बांधायचा मोह होतो, झोपाळा पेलतेच ना ती, असं वाटतं. झोपाळा चार कड्यांवर असतो आणि जमिनीपासून दोन फुटांवर! शिवाय घरात कायमचा लोंबणारा दोर लहान मुलांच्या गळ्याशी येतो, ही भीती खरी आहे. त्यापेक्षा आडवी भिंत करा. मुलाचे पाय जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर राहतील, इतक्याच उंचीवर खुंट्या, आणि मूल वर न जाता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणार. परदेशातल्या पुष्कळ शाळांत लहान मुलांना हेच देतात. सुताराकडचे सागवानी तुकडे, कडा गोल करून, काचकागदाने घासून, प्रत्येकाला दोन स्क्रू. एका स्क्रूवर तुकडा फिरतो आणि पाय सटकतो, म्हणून दोन. खाली फोमची गादी, जोड न ठेवता. कापसाची गादी फरशीवर सरकते, आणि महिन्याभरात तिची पोळी होते. शेजारी कपाटाचा कोपरा, खिडकीची फळी नको. माझ्या बहिणीने बैठकीच्या खोलीत अशी भिंत करून घेतली, तेव्हापासून तिच्याकडे खिडकीच्या गजांवर कुणी चढत नाही. पाहुण्यांना ती भिंत शोभेची वाटते, तेवढा एक त्रास!

तर ताई, सही करा. पण लगेच नको. आधी एकदा शाळेत जा, मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारा. दोर कोण धरणार, वर कशाला बांधणार, आणि तपासणीची वही कुणाकडे राहणार. ते नवीन असतील, उत्तरं तयार नसतील, तर रागावू नका. म्हणा, "उत्तरं मिळाली की कागद देते, आणि दोर धरायला शिकायला माझंही नाव लिहून घ्या." मुलीलाही हे तसंच सांगा. नकार आणि 'थांब, बघून सांगते' यांतला फरक आठवीतल्या मुलीला चांगला कळतो. आणि शक्य झालं तर शाळेच्या लोकांना घेऊन पुण्याची एखादी चालती भिंत बघून या. एक सकाळ पुरे. वर चढणाऱ्यांकडे नका बघू, खाली उभे असलेल्यांचे हात बघा.

पत्राच्या शेवटी ताईंनी बारीक अक्षरात विचारलंय, "मी बेचाळीस वर्षांची आहे, मला चढू देतील का?" पट्टा बसतोय ना, मग का नाही? गुडघे दुखत असतील, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून. पहिल्यांदा सहा-सात फूटच जा, तिथे मागे रेलून दोरावर बसा आणि उतरा. वर गेल्यावर खाली बघितलं की पोटात गोळा येतो, तो माझ्याही येतो. मात्र त्या वेळी दोर तुमच्या मुलीच्या हाती देऊ नका हं, तिचं वजन कमी पडेल. नवऱ्याला घेऊन जा.